हस्ते

कर्जाचा अर्ज आठ पानांचा असतो. सात पानं कर्जदाराची, आठवं जामीनदारांचं. पहिल्या सात पानांवर माणूस स्वतःबद्दल सांगतो: नाव, वय, धंदा, सात-बारा, पगार, आधीची देणी, कर्ज कशासाठी हवं. यातलं बरंचसं खरं असतं, थोडं रंगवलेलं असतं आणि ‘कर्जाचे कारण’ या रकान्यातलं तर बहुतेक वेळा खोटंच असतं. मुलीचं लग्न काढलेलं असतं आणि लिहितात ‘घरदुरुस्ती’. सावकाराचं जुनं देणं फेडायचं असतं आणि लिहितात ‘दुभती जनावरे खरेदी’. एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेच्या काउंटरमागे मी 31 वर्षं काढली. 1987 साली कारकून म्हणून लागलो, 2018 साली शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. कागदावर मी जितक्या म्हशी पाहिल्या तितक्या आमच्या तालुक्यात असत्या तर दुधाचा पूर आला असता.

आठव्या पानावर मात्र कोणी काही सांगत नाही. तिथं दोन चौकोन असतात. फोटो चिकटवायचे, पत्ता लिहायचा, सही करायची. ही सही करणाऱ्याला कर्जातला एक रुपयाही मिळायचा नसतो. व्याजात सूट नाही, चहासुद्धा कर्जदारानं पाजला तर. तरीही तो कामाचा खाडा करून आलेला असतो, बाकड्यावर तासभर बसलेला असतो आणि आपलं नाव दुसऱ्याच्या देण्याला बांधून निघून जातो. माणसांविषयी मला जे थोडंफार कळलं ते या पानावर कळलं.

या पुस्तकातल्या 22 लेखांना प्रस्तावना लिहा, आणि तीत तुमची जीवनदृष्टी येऊ द्या, असं प्रकाशकांनी सुचवलं. शब्द ऐकून मी जरा दचकलो. जीवनदृष्टी असायला माणूस एकतर वाचलेला असावा लागतो किंवा सोसलेला. मी दोन्ही बाबतींत मध्यम. पण तीन-चार गोष्टींवर माझा विश्वास बसला आहे आणि एका गोष्टीवरचा उडाला आहे. त्या सगळ्यांचा रस्ता जामीन या शब्दावरून जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आज जामीन म्हटलं की डोळ्यांपुढे कोर्ट येतं. अमक्याला जामीन मिळाला, तमक्याचा फेटाळला. पण हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला तेव्हा तो माणसासाठी आला होता. जामीन म्हणजे हमी घेणारा इसम. पेशवाईच्या दप्तरांत जामीनकतबे सापडतात. वतनाचा तंटा निवाड्याला बसला की दोन्ही बाजूंकडून आधी जामीन घेत, निवाडा मान्य करू याचा. त्यातही प्रकार होते. माणूस बोलावल्या दिवशी हजर करीन म्हणणारा तो हाजीरजामीन. पैसे बुडाले तर मी भरीन म्हणणारा तो मालजामीन. आणि हा नीट वागेल, याच्या वर्तनाची हमी माझी, असं म्हणणारा तो फेलजामीन.

गंमत अशी, की याज्ञवल्क्यस्मृतीतही हीच तीन माणसं उभी आहेत. तिथं जामिनाला प्रतिभू म्हणतात. दर्शनाचा प्रतिभू, म्हणजे हजर करणारा. प्रत्ययाचा प्रतिभू, म्हणजे ‘हा विश्वासाचा आहे’ असं सांगणारा. आणि दानाचा प्रतिभू, म्हणजे पैसे भरणारा. स्मृती पुढं एक बारीक फरक करते. पहिल्या दोघांची जबाबदारी त्यांच्यापुरती. ती त्यांच्या मुलांवर येत नाही. तिसऱ्याची मात्र मुलांपर्यंत जाते. बापानं पैशाची हमी घेतली असेल तर मुलानं भरावी. पण बापानं कुणाच्या चांगुलपणाची ग्वाही दिली आणि ती खोटी ठरली, तर त्याचं ओझं मुलावर टाकू नये. या स्मृतीवर विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. लातूर-उमरग्याकडून हैदराबादच्या वाटेला लागलं की ते फार लांब नाही. मी तिथं गेलो होतो. मिताक्षरेची आठवण काढणारं मला कोणी भेटलं नाही. एका सहकारी बँकेचा फलक तेवढा दिसला.

त्याच स्मृतीत आणखी एक नियम आहे. एकत्र कुटुंबात नवरा-बायको, बाप-लेक, भाऊ-भाऊ यांनी एकमेकांना जामीन राहू नये. कारण सरळ आहे, पेटी एकच असेल तर हमी कसली? आज नवऱ्याच्या कर्जाला बायकोची सही सर्रास घेतात. किती तरी बायका मी पाहिल्या, पदर सावरत आत आल्या, ‘इथं का?’ एवढंच विचारलं, सही केली आणि काउंटरवरच्या पेनाकडे परत पाहिलंही नाही. त्यांना जामीनदार म्हणणं कायद्याला धरून असेल. मला ते कधी पटलं नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काय किंमत द्यायची?

हा प्रश्न मला माझ्या वडिलांनी घालून दिला. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. 1974 साली त्यांच्याच शाळेतल्या एका गुरुजींना ते जामीन राहिले. ते गुरुजी बदली होऊन गेले आणि हप्ते थांबले. मग वडिलांच्या पगारातून महिन्याला 40 रुपये कापले जाऊ लागले, ते तीन वर्षं. मी चौदा वर्षांचा होतो. घरात काय काय कमी झालं ते सांगत बसत नाही. दूध आणि दिवाळी एवढंच सांगतो. या तीन वर्षांत वडील त्या माणसाबद्दल एकदाही वाईट बोलले नाहीत. आई बोलायची. पगाराच्या दिवशी तर हमखास. “त्यांना तोंड नव्हतं का नाही म्हणायला?” हे तिचं वाक्य. ‘त्यांना’ म्हणजे वडिलांना, समोर बसलेल्या.

लहानपणी मला वडील भोळे वाटले. पुढं कॉलेजात, पुस्तकं वाचायला लागल्यावर, ते थोर वाटू लागले. शब्दाला जागणारा माणूस वगैरे. नोकरीला लागलो आणि रोज दोन-चार जामीनदार पाहू लागलो, तेव्हा कुठं आईचं वाक्य नीट ऐकू आलं. वडिलांनी शब्द दिला नव्हता. त्यांच्याकडून तो निघून गेला होता. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्या गुरुजींनी कागद पुढं केला आणि वडिलांना नाही म्हणता आलं नाही, एवढंच घडलं होतं. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. आपल्या समाजात चांगुलपणा म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातला मोठा हिस्सा भिडेचा असतो, हे माझं पहिलं मत. वाईट वाटेल कुणाला, पण 31 वर्षं पाहून झालेलं आहे.

मात्र वडिलांची सही भिडेची होती तरी नंतरची तीन वर्षं भिडेची नव्हती. त्या माणसाच्या गावी जाऊन दारात बसता आलं असतं. शाळा-शाळांतून त्याचं नाव काढता आलं असतं. त्यांनी यातलं काही केलं नाही आणि त्यासाठी कुणी त्यांना गळ घातलेली नव्हती. माणूस सही करताना कळत नाही, नोटीस आल्यावर कळतो. हे माझं दुसरं मत.

नोटिशीचा कायदा लोकांना माहीत नसतो. “आधी त्याच्याकडं जा, त्यानं न्हाई दिलं तर मग माझ्याकडं या,” हे वाक्य मी हजारदा तरी ऐकलं असेल. 1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराकडचे सगळे उपाय आधी संपवा, मग जामीनदाराकडे जा, अशी अट धनकोवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1968 सालीच सांगून ठेवलं आहे. सहकारी संस्थांच्या बाबतीत 1960 च्या कायद्याचं कलम 101 असतं. त्याखाली वसुलीचा दाखला निघतो आणि त्यात कर्जदाराच्या नावाखाली जामीनदारांची नावं असतात. गावात ‘त्याच्यावर एकशेएक झालं’ एवढं म्हटलं की पुरे. पुष्कळदा कर्जदार मुंबईला निघून गेलेला असतो आणि जामीनदार गावातच, शेतात, सापडायला सोपा. वसुली अधिकारीही माणूसच. जो सापडतो त्याच्याकडे तो आधी जातो.

नोटीस हातात पडल्यावर काही जण ओरडत येतात. त्यांची मला कधी काळजी वाटली नाही; ओरडणारे बहुतेक भरतात. काही येतच नाहीत, रस्त्यात दिसलो तर पलीकडच्या बाजूला जातात. काही जण हिशोब घेऊन बसतात: दोन जामीनदार आहोत, माझ्या वाट्याचे अर्धे सांगा. कायद्यानं तसं नसतं, पण मला ती माणसं आवडत. एक जण दर सोमवारी कर्जदाराच्या घरी जाऊन नुसता बसायचा. चहा घ्यायचा, पिकापाण्याचं बोलायचा, पैशाचा विषय काढायचा नाही. सात-आठ सोमवारांनंतर कर्जदार स्वतः हप्ता घेऊन आला आणि मला म्हणाला, “साहेब, ह्यांचं येणं तेवढं थांबवा.”

ज्यानं जामीन म्हणून पैसे भरले, त्याला धनकोचे सगळे हक्क मिळतात. करार कायद्याचं 140 वं कलम. म्हणजे जामीनदार आता कर्जदाराच्या मागे लागू शकतो, दावा लावू शकतो. लावलेला मी दोनदाच पाहिला. दोन्ही वेळा सख्खे चुलतभाऊ होते.

आता ‘हस्ते’चं सांगतो, कारण पुस्तकाचं नाव तेच आहे.

कर्जखात्यात पैसे भरायला कोणीही येऊ शकतं. भरणा पावतीवर खातेदाराचं नाव असतं आणि खाली एक रकाना असतो, ‘हस्ते’. ज्याच्या हातून पैसे आले त्याचं नाव तिथं लिहायचं. बायको आली, मुलगा आला, शेजारी आला, तर ते नाव. मार्केट यार्डातल्या एका हमालानं दुसऱ्या हमालाच्या कर्जाला सही केलेली होती. कर्जदाराच्या पाठीचा मणका दुखावला, काम सुटलं, तीन हप्ते थकले. नोटीस काढायची वेळ आली तेव्हा जामीनदार स्वतः आला. नोटीस अजून निघालेलीच नव्हती. पट्ट्याच्या विजारीच्या आतल्या खिशातून त्यानं नोटा काढल्या, दोनदा मोजल्या. मी पावती लिहायला घेतली आणि त्याचं नाव विचारलं.

“सायेब, हस्ते रिकामं ठिवा.”

मी म्हटलं, तसं चालत नाही. तो म्हणाला, “त्याच्या घरात पावती जाती. पोरगं शिकतंय त्याचं, वाचतंय.”

मी रकाना रिकामा ठेवला. नियमात बसत नव्हतं, ते सांगून टाकतो. तो पुढं 11 महिने आला, दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत. शेवटी कर्जदाराचं पोरगं कामाला लागलं आणि उरलेलं त्यानं फेडलं. कर्जदारानं त्या 11 महिन्यांबद्दल मला कधी काही विचारलं नाही. खातं मिटवायला तो स्वतः काठी टेकत आला होता, उतारा त्यानं बोट ठेवून पाहिला, त्या महिन्यांवर बोट जरासं थांबलं आणि पुढं सरकलं. त्याला माहीत होतं, असं मला वाटतं. न विचारणं हा त्याचा मार्ग होता, जसा हस्ते रिकामं ठेवणं हा दुसऱ्याचा. दोघं पुन्हा एकाच गाळ्यावर बसलेले मी पाहिले आहेत, एकाच काडीवर बिडी पेटवताना.

हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा मऊ होतो आणि तो म्हणतो, गरिबांची मनं मोठी असतात. या वाक्याचा मला कंटाळा आहे. बुडवणारे हमालही पाहिले आहेत आणि मुनिमाच्या नावावर कर्ज काढून देणारे अडतेही. आमच्या संचालकांपैकी एकाच्या भाच्याच्या अर्जाला तर आठवं पान कुणी उलटून पाहिलं नव्हतं, आणि पाहायचं नाही हे आम्हा कारकुनांना न सांगता कळत होतं. मीही पाहिलं नाही. ते कर्ज पुढं बुडलं. मोठ्या मनाचा आणि रिकाम्या खिशाचा काही नेमका संबंध मला तरी सापडला नाही. 2019 साली एका मोठ्या प्रयोगाचा अहवाल आला होता. 40 देशांतल्या 355 शहरांत 17,000 हून अधिक पाकिटं ‘सापडली’ म्हणून हॉटेलांत, बँकांत, टपाल कचेऱ्यांत नेऊन दिली आणि ती मालकाला परत करायचा प्रयत्न कोण करतं हे मोजलं. सामान्य लोकांचा अंदाज होता की पाकिटात पैसे असले तर कमी परत येतील. आली जास्त. पैसे नसलेली सुमारे 40 टक्के, पैसे असलेली 51 टक्के. वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. परक्या माणसाचे पैसे ठेवून घेताना आपण चोर आहोत हे स्वतःलाच दिसतं. ओळखीच्याचे ठेवून घेताना दिसत नाही, कारण तिथं ‘देऊ की, कुठं पळून चाललोय’ हे वाक्य मदतीला येतं. आमच्याकडे फेडीचा क्रम ठरलेला: आधी सावकार, मग बँक, मग किराणा दुकान, आणि मेव्हण्याचे पैसे कधीच नाहीत.

घरोघरी वडीलधारी सांगतात, कुणाला जामीन राहू नको. हा सल्ला आपलाच आहे असं मला वाटायचं. मग कळलं, की ग्रीसमध्ये डेल्फीच्या देवळावर जी वचनं कोरली होती त्यांतली दोन जगप्रसिद्ध आहेत: स्वतःला ओळख, आणि अति करू नको. तिसरं फारसं कुणी सांगत नाही. जामीन राहिलास की अनर्थ आलाच, अशा अर्थाचं ते आहे. प्लेटोच्या एका संवादात तिन्हींचा एकत्र उल्लेख येतो. आत्मज्ञान आणि संयम यांच्या पंगतीला हा असला रोकडा सल्ला पाहून मला त्या ग्रीकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यांच्यातही कुणाचा तरी बाप फसलेला असणार.

पण सगळ्यांनी हा सल्ला पाळला असता तर आमची पतसंस्था एक दिवस चालली नसती. सहकाराची सगळी इमारत याच्या उलट सल्ल्यावर उभी आहे. जर्मनीत रायफायझेननं एकोणिसाव्या शतकात खेड्यातल्या पतपेढ्या काढल्या, तेव्हा अट अशी होती की सभासदांची जबाबदारी अमर्याद. एकाचं बुडलं तर सगळ्यांनी भरायचं. 1904 साली आपल्याकडे पहिला सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यातही खेड्यातल्या संस्थांना हेच तत्त्व लावलेलं होतं. गाव एकमेकांना ओळखतं, म्हणून गाव एकमेकांना जामीन राहील, ही कल्पना. आज बायकांचे बचत गट चालतात ते त्याच वाटेनं. नाबार्डनं 1992 साली गट आणि बँका यांची जोडणी सुरू केली. नावावर गुंठाभर जमीन नसलेल्या दहा-पंधरा बायका एकमेकींच्या शब्दावर कर्ज उचलतात आणि फेडतात. याचं कौतुक मलाही आहे. पण गटाच्या बैठकीत हप्ता चुकलेल्या बाईकडे बाकीच्या कशा पाहतात, तेही मी पाहिलं आहे. खासगी कंपन्यांनी गटहमी हाती घेतल्यावर तर शेजारणीला वसुली अधिकारी करून टाकलं. विश्वास कुठं संपतो आणि पहारा कुठं सुरू होतो ही रेघ मला नीट ओढता आलेली नाही. या विषयावरचा लेख पुस्तकात आहे आणि तो अर्धवट आहे.

पुणे जिल्ह्यात कर्जाच्या कागदांच्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या. दुसरी आधी सांगतो. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. मागणी एकच, कर्जरोखे द्या. मिळाले ते जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरलं, चौकशीला आयोग बसला आणि 1879 साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा कागदांवर उठलेला असा जमाव विरळाच. अंगठा उठवलेल्या कागदाची भीती किती असते, ते काउंटरमागे बसलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

पहिली गोष्ट त्याआधी अडीचशे वर्षांची, देहूची. तुकोबांच्या घरात सावकारी होती. दुष्काळानं घर उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी लोकांची खतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यातला एक तपशील मात्र घाईघाईत सुटतो. परंपरा सांगते, की त्यांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली. बुडवली ती उरलेली अर्धी, स्वतःची. मला ही वाटणी बुडवण्याइतकीच मोठी वाटते. वैराग्याच्या लाटेतही त्यांनी भावाच्या हिश्श्याला हात लावला नाही. दुसऱ्याच्या पैशानं उदार होणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत, की या हिशोबी वैराग्यापुढं मी हात जोडतो.

दामाजीपंतांचं उलटं. मंगळवेढ्याची कोठारं त्यांची नव्हती, बेदरच्या बादशहाची होती. दुष्काळात त्यांनी ती लुटू दिली. म्हणजे उदार झाले ते मालकाच्या धान्यावर. लोकांना दामाजी प्यारे, पण तेवढा हिशोब लोकांच्या कथेनंही सोडलेला नाही. विठोबाला विठू महार होऊन बेदरला जावं लागलं, पै न पै मोजावी लागली आणि वर रसीद घ्यावी लागली. कथेतल्या त्या रसिदेवर हस्ते म्हणून एका महाराचं नाव आहे, आणि दामाजींना ते पुढं कळतं. ही गोष्ट ज्या कुणी पहिल्यांदा सांगितली त्याला पैशाचे व्यवहार आणि माणसं दोन्ही कळत होती.

आता ज्या गोष्टीवरचा विश्वास उडाला ती. ती म्हणजे माणसं ओळखण्याचं माझं कसब. काउंटरवर बसून बसून मला वाटू लागलं होतं की सही करताना हात कसा चालतो यावरून मी सांगू शकतो हा फेडेल की बुडवेल. सहकारीही विचारायला येत. त्याच भरात असताना एक जुना मित्र माझ्याकडे जामीन मागायला आला. कर्ज दुसऱ्या एका बँकेचं होतं, छापखान्यासाठी. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागचे दोन बुडालेले धंदे आठवले आणि म्हणालो, “संस्थेचा नियम आहे रे, आम्हा कर्मचाऱ्यांना जामीन राहता येत नाही.” नियम होता, पण आमच्याच संस्थेच्या कर्जांपुरता. हे त्याला माहीत असावं. तो म्हणाला, “असू दे, बघतो मी दुसरं.” वहिनींच्या भावानं सही केली. सात वर्षांत मित्रानं सगळं कर्ज फेडलं, एकही हप्ता न चुकवता. त्या बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडे मी मधूनमधून चौकशी करत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो. ती चौकशी का करत होतो, त्याचं उत्तर फारसं चांगलं नाही.

आमचं बोलणं तुटलं नाही. लग्नकार्यात भेटतो, तो हसून बोलतो. फक्त त्या दिवसापासून त्यानं माझ्याकडे काही मागितलं नाही. शेजारच्या गल्लीत राहतो, पण पावसाळ्याआधी कौलं परतायला शिडीसुद्धा नाही. वडिलांना नाही म्हणता आलं नाही आणि मला म्हणता आलं, हा फरक मी बरीच वर्षं माझ्या बाजूनं धरत होतो. मी नाही म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. मी नियम पुढं केला. तीही भीडच, फक्त तिनं पैसे वाचवले.

तेव्हा या पुस्तकात माणसं ओळखण्याच्या खुणा शोधू नका. अमक्या सहीचा माणूस तसा, तमक्या चालीचा असा, हे मी लिहिलेलं नाही. जिथं पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं तिथून काढून टाकलं. ज्यांच्यावर लिहिलं त्यांची नावं, गावं आणि रकमा बदलल्या आहेत. कुणी आपला म्हणून ओळखीचा वाटलाच तर त्याला विचारायला जाऊ नका. हमालाच्या लेखात तर मी बाजारही बदलला आहे.

निवृत्त झाल्यानंतर मी चार जणांना जामीन राहिलो. चारही वेळा कागद घरी आणून रात्री वाचला आणि दुसऱ्या दिवशी सही केली. पाचव्याला तोंडावर नाही म्हटलं, कारण सांगून. चारांतली दोन कर्जं फिटली. एक मला भरावं लागलं, आणि त्या पावत्यांवर हस्ते माझंच नाव आहे, रिकामं ठेवायला मला जमलं नाही. चौथं अजून चालू आहे, शेवटचा हप्ता येत्या मार्चचा.